सांगलीला निघालेली मडमबाई

सातारा, ५ नोव्हेंबर १९४६

आज आमच्या दारात एक मडम येऊन उभी राहिली. गोरी नव्हे, हिरवी. लांब नाक, दोन माणसं जेमतेम मावतील एवढं पोट, डोक्यावर फाटक्या कापडाचं छप्पर, आणि आवाज असा की आळीतली कुत्री शेपूट घालून पळाली. तिच्यातून आमची स्वारी उतरली. चष्म्यावर धूळ, मिशीत धूळ, आणि चेहऱ्यावर गड सर केल्याचा आनंद.

"कशी आहे?" म्हणाले.

"कुणाची आहे?" मी विचारलं.

"आपली!"

पाचगणीचे कुणी साहेब बंगला विकून कायमचे विलायतेला निघालेत. त्यांच्या बंगल्याची कागदपत्रं ह्यांनी केली आणि साहेबांनी फीच्या बदल्यात ही मोटार आमच्या गळ्यात बांधली. ऐन उमेदीत ही शर्यतीत धावत होती म्हणे. सहा नळकांड्यांचं इंजिन आहे हे मला जेवताना, हात धुताना आणि पुन्हा अंथरुणावर पडल्यावर ऐकावं लागलं. सासूसासरे गेले, मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघंच. दोन माणसांना सहा नळकांडी कशाला लागतात, असं मी विचारलं तर म्हणतात, "तुला यंत्रातलं काय कळतं?" ज्या गृहस्थांना स्टोव्हला पिन मारता येत नाही त्यांनी हे म्हणावं! मी हसले, तेही हसले. तेवढा एक गुण आहे माणसात. कितीही टोचलं तरी हसतात. कोर्टातून आले की कोट न काढताच स्वैपाकघराच्या दारात उभे राहतात, दिवसभराच्या गोष्टी सांगतात, आणि मी न्यायाधीशापासून पट्टेवाल्यापर्यंत प्रत्येकाला नावं ठेवेपर्यंत तिथून हलत नाहीत.

मोटारीचं नाव मी मडमबाई ठेवलं. ह्यांना ते फार आवडलं.

९ नोव्हेंबर

सांगलीच्या मुलींच्या शाळेचं पत्र आलं. मुलाखतीला बोलावलंय, पंचवीस तारखेला!

पाकीट मी उभ्याउभ्याच फाडलं. बी. ए. झाले, बी. टी. झाले, लग्नाआधी वर्षभर शिकवलं, आणि नंतर चार वर्षं काय केलं, तर वरणाला फोडण्या दिल्या. मला पुन्हा वर्गात उभं राहायचंय. मुलींनी माझ्या पाठीमागे माझी नक्कल करावी, मी गर्रकन वळावं आणि त्यांची दातखीळ बसावी, असं मला मनापासून वाटतं. ही जागा गेली तर पुन्हा कुणी विचारणार नाही. माझ्या वयाच्या बायकांना लोक शाळेत शिकवायला बोलवत नाहीत, बारशाला बोलवतात.

अर्ज केला तेव्हाच ठरलं होतं. आधी मी माहेरी सांगलीला राहायचं, मग ह्यांनी हळूहळू वकिली तिकडे न्यायची. हे लगेच "हो" म्हणाले होते. नाही कसे म्हणतील? गेल्या उन्हाळ्यात व्याख्यानमालेत 'स्त्रीशिक्षण आणि समाज' ह्या विषयावर तासभर बोललेत. टाळ्या थांबेनात. आज पत्र वाचलं, परत वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वा. छान झालं. मडमबाईतून जाऊ."

मी म्हटलं, गावोगावची माणसं नेणारी सर्व्हिस मोटार आहे की. तर म्हणाले, "घरी मोटार असताना वकिलाची बायको कोंबड्यांच्या पाटीला टेकून जाणार? शाळेच्या कमिटीचे लोक काय म्हणतील?"

खरं सांगायचं तर मलाही तेच हवंय. "बी. टी. होऊन शेवटी पोळ्याच ना?" असं ज्या बायका म्हणाल्या, त्यांनी खिडकीतून बघावं आणि मी हिरव्या मोटारीतून उतरावं.

१४ नोव्हेंबर

मडमबाईंच्या नाकातून पाणी गळतंय. मोटारीच्या नाकामागे पाण्याची टाकी असते, तिला रेडिएटर म्हणतात. त्या पाण्यानं इंजिन गार राहतं. पाणी गेलं की इंजिन तापतं. एवढं मला आज कळलं, आणि माझ्यामुळे ह्यांनाही.

दुरुस्तीला गुंडा आला. हा रहिमतपूरकडचा गडी. लढाईत इराकात, बसऱ्याला पलटणीची लॉरी चालवून नुकताच परतलाय. "आमच्या बसऱ्याला" ह्या शब्दांशिवाय त्याला वाक्य सुरू करता येत नाही. मोटारीखाली आडवा झाला आणि तिथूनच म्हणाला, "आमच्या बसऱ्याला असलं लय बगितलं. टाकी पुन्याला धाडाय लागंल बाईसाब, हितं डाग देनारा कुनी न्हाई."

स्वारीचं तोंड एवढंसं झालं. मी सरळ घरात गेले आणि हळदीचा डबा घेऊन आले.

माझ्या वडिलांची सांगलीला हळदीची अडत. माझं बालपण हरिपूरच्या पेवांवर गेलं. तिथं जमिनीच्या पोटात हळद साठवतात. वडिलांच्या लॉरीवर अर्जुना म्हणून ड्रायव्हर होता. टाकी गळायला लागली की तो पाण्यात चिमूटभर हळद सोडायचा. हळद फुगून भोकात बसते आणि गळती बंद. गुंडा "आवं आवं" करेपर्यंत मी झाकण उघडून मूठभर टाकली सुद्धा. चिमूट कशाला? घरची हळद, हात आखडता घ्यायला मी काय कुणाच्या दारात गेले होते?

घटकाभरात गळणं थांबलं. "बसऱ्याला हळद मिळत नव्हती वाटतं?" म्हटलं गुंडाला. तो हत्यारं आवरायला लागला.

२१ नोव्हेंबर

मित्राला घेऊन हे औंधला यमाईच्या दर्शनाला जाऊन आले. देवीचं दर्शन किती झालं कोण जाणे, मोटारीचं प्रदर्शन पुष्कळ झालं. इंजिन एकदाही अडखळलं नाही म्हणे. येताना चढावर जरा तापलं, तर ह्यांनी पाणी घातलं आणि स्वतः चहा घेतला.

संध्याकाळी बघितलं तर टाकीखाली थेंब दिसला. मी कुणाला न विचारता आणखी एक मूठ सोडली. पुरुषांना सांगायला गेलं की त्याची सभा भरते.

२५ नोव्हेंबर

आज मुलाखत होती. मी ह्या ओळी सांगलीत नव्हे, साताऱ्यात लिहितेय, ह्यातच सगळं आलं.

पहाटे बनुबाई भांडी घासायला आली ती हसतच. "आवं बाईसाब, मालक कवाधरनं मोटारीचं त्वांड उघडून बसल्यात. देवपूजा बी एवढी करत न्हाईत." मला बाई बरं वाटलं. म्हटलं, बायकोच्या नोकरीसाठी सकाळच्या थंडीत काळे हात करून घेणारे नवरे साताऱ्यात किती असतील?

नारायणपेठी नेसून मी मडमबाईत बसले आणि गाडी सुरू झाली ती अंगात आल्यासारखी. गचके, धडधड, आणि मागच्या नळीतून बार. सहातली दोन नळकांडी पेटतच नाहीत, असं हे म्हणाले. "तापली की नीट होईल."

तापली. पण नीट झाली नाही. गचके खात, बार उडवत नागठाण्यापर्यंत आलो आणि टाकीचं झाकण वाफेनं उडालं. रस्त्यावरची पोरं नाचायला लागली. ह्यांनी इंजिनात डोकं घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. मी विचारलं, "काही दिसलं का आत?" म्हणाले, "चिडू नकोस."

चिडू नको! तिकडे कमिटी बसलेली, आणि मी आपली मैलाच्या दगडावर! रडू येत होतं, पण पोरांसमोर रडायचं नव्हतं. परत आलो ते मडमबाईला मागे दोरानं बांधून, नाथाजी नावाच्या एका शेतकऱ्याच्या उसाच्या गाडीतून. नाथाजीनं वाटेत एकदाच तोंड उघडलं. "वकीलसाब, असलं जनावर पाळायचं तर दोन बैलं बी संगट ठेवा." मला हसू आलं, आणि ह्यांना माझ्याहून जास्त आलं. माणसाला लाज कशी ती नाही.

३० नोव्हेंबर

देव आहे! वडिलांनी कळवलंय की कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब आजारी पडले म्हणून मुलाखती झाल्याच नाहीत. आता सोळा डिसेंबरला. लालासाहेबांना लवकर बरं वाटो, पण आजारी पडले ते वेळेवर पडले.

२ डिसेंबर

आमच्या अंगणात सध्या वैद्यांची परिषद भरते. गुंडाचं म्हणणं, रेशनच्या पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. त्यानं बोट बुडवून वास घेतला, चाटून बघितलं, आणि "रॉकेलच" असं सांगितलं. मग कार्ब्युरेटर काढला. कार्ब्युरेटर म्हणजे जिथं पेट्रोल आणि हवा मिसळतात ते भांडं. तो माझ्या पुरणाच्या चाळणीवर ठेवून धुतला. चाळणी गेली. मित्रमंडळींपैकी एक म्हणाले, मोटार विलायती, तिला इकडचं ऊन सोसत नाही. डिसेंबरात!

गंमत म्हणजे गुंडानं परवा प्लगच्या, म्हणजे इंजिनात ठिणगी नेणाऱ्या, तारा तपासायला घेतल्या, तोवर गाडी आदल्या रात्रीतच बरी झालेली. सहाच्या सहा नळकांडी गुणगुणतायत. गुंडा डोकं खाजवत बसला. "बाईसाब, ह्यो रोग आपोआप जात नसतोय. आमच्या बसऱ्याला..." मी त्याला तिथंच थांबवलं. हे म्हणाले, "यंत्राचाही एक स्वभाव असतो."

तापणं मात्र आहेच. पाणी घातलं की उकळतं. मला वाटतं अजून कुठून तरी गळत असणार. आणखी एक मूठ टाकली.

१६ डिसेंबर

पुन्हा तेच. पहाटे ह्यांनी मोटार तपासली, निघालो, दारातूनच गचके आणि बार. उंब्रजला टाकी उकळली, पाणी घातलं, पुन्हा उकळली. मी ओरडले. रस्त्यात, लोकांसमोर, मोठ्यानं ओरडले की तुम्हाला मोटार काय, हातगाडी ढकलता येत नाही. तुमच्या भरवशावर बसले ही माझीच अक्कल. हे खाली मान घालून ऐकत राहिले. एरवी हसले असते. आज हसले नाहीत.

१८ डिसेंबर

सांगलीहून कळलं. जागा दुसऱ्या बाईंना दिली.

काही लिहावंसं वाटत नाही. आज वरण करपलं, ह्यांनी तसंच खाल्लं.

२० डिसेंबर

हे माझ्यासाठी कंदी पेढे घेऊन आले. म्हणाले, "साताऱ्यातही शिकवण्या करता येतील की. घरी चार मुली येतील, तू शिकव. तुझा जीव रमेल." किती समजूत घालतो हा माणूस! मोटार दुरुस्त करता येत नाही म्हणून बिचारा खजील झालाय, आणि मी त्याला भर रस्त्यात नाही नाही ते बोलले. मला स्वतःचीच लाज वाटली. पेढा खाल्ला. गोड लागला नाही.

२८ डिसेंबर

त्या बाईंचं लग्न ठरलं! त्यांनी नोकरी सोडली. देव त्यांना आठ मुलं देवो. कमिटीनं मला अकरा जानेवारीला बोलावलंय, आणि वडिलांनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलंय, "ही शेवटची वेळ. लालासाहेब म्हणाले, आता आल्या नाहीत तर नाव काढून टाकू. पोरी, सर्व्हिस मोटारीनं ये."

मी ह्यांना म्हटलं, मी सर्व्हिस मोटारीनं जाते. ह्यांचा चेहरा पडला. "माझ्यावर एवढाही विश्वास नाही?" कोर्टात कधी असा आवाज लागत नाही ह्यांचा. मी पाघळले. पण अट घातली: मोटार माझ्यासमोर दुरुस्त होईल, गुंडा करेल, आणि तुम्ही व्याख्यानं तयार करा.

३ जानेवारी १९४७

आज जे घडलं ते मी फक्त इथं लिहिणार आहे.

हे कोर्टात गेल्यावर गुंडा आला. त्यानं टाकीच्या बुडाची चावी सोडली आणि खाली घमेलं धरलं. पाणी येईना. तार घालून खुपसलं, तेव्हा भसकन बाहेर आलं. पाणी कसलं, पिवळाधमक राबडा! झुणक्यासारखा घट्ट. गुंडा बघतच राहिला. "आवं बाईसाब, मडमंला हळद लागली की! लगीन हाय का कुनाचं?"

टाकीच्या आत बारीक बारीक नळ्या असतात. त्यांतून पाणी फिरलं तरच इंजिन गार होतं. त्या सगळ्या नळ्या माझ्या वडिलांच्या उत्तम हळदीनं गच्च बसल्या होत्या. अर्जुना चिमूटभर टाकायचा. मी मुठीनं टाकली, आणि तीनदा. नागठाण्याला उकळली ती माझ्यामुळे, उंब्रजला उकळली ती माझ्यामुळे, आणि भर रस्त्यात शिव्या खाल्ल्या त्या ह्यांनी.

"पयल्यांदा टाकली ती बगितली म्या," गुंडा म्हणाला, "पर एवढी कशी झाली?"

"साहेबानं विलायतेला जायच्या आधी टाकली असेल," मी म्हटलं. धडधडीत खोटं. गुंडानं माझ्याकडे बघितलं, बनुबाईनं माझ्याकडे बघितलं, आणि दोघंही कामाला लागली.

धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून टाकीतून पुन्हा पुन्हा फिरवला. स्वच्छ पाणी यायला दुपार झाली. जे थोडं गळत होतं ते गुंडानं बाहेरून साबण आणि फडकं बांधून थांबवलं. मग प्लगच्या तारांकडे वळला. ठिणगी प्रत्येक नळकांड्यात आपापल्या पाळीनं पडावी लागते. एक तार दुसरीच्या जागी गेली की ती नळकांडी पेटत नाहीत आणि मागून बार उडतात. "काडताना घोटाळा नगं," म्हणून त्यानं माझ्याकडून भरतकामाचे दोरे मागून घेतले आणि मी स्वतः प्रत्येक तारेला एकेक बांधला. पुढून मागे लाल, हिरवा, पिवळा, निळा, काळा, पांढरा.

ह्यांना सगळं सांगायला हवं. पण हळदीचा डबा घेऊन मी किती ऐटीत आले होते ते आठवलं की जीभ उचलत नाही. उद्या सांगेन.

८ जानेवारी

सांगितलं नाही.

गुंडा मोटार रहिमतपूरला नेऊन आला. तापली नाही, अडखळली नाही. "आता कशी पळती बगा! बसऱ्याला असती तर जनरलसाब बसला असता." ह्यांना मी ही आनंदाची बातमी दिली. "वा," म्हणाले, "वा." आणि ताटातला भात निवडत बसले.

११ जानेवारी, सांगली

घरातली सगळी निजली आहेत, तेवढ्यात लिहून टाकते.

सकाळी बनुबाई आली. "मालक आज बी मोटारीपाशी हुतं," म्हणाली. मी म्हटलं, आता कशाला? गुंडानं तर सगळं केलंय. आणि मग माझ्याच मनात आलं की मी नाही का कुणाला न सांगता झाकण उघडलं, एकदा सोडून दोनदा? मला जे जमलं ते दुसऱ्याला का जमणार नाही?

हे आंघोळीला गेले होते. मी अंगणात जाऊन मोटारीचं तोंड उघडलं. लाल, निळा, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा.

मी पुन्हा बघितलं. हिरव्याच्या जागी निळा, निळ्याच्या जागी हिरवा.

नोव्हेंबरातली पहाट, डिसेंबरातली पहाट, दारातून निघतानाच बसलेले गचके, आणि गुंडा तपासायच्या आदल्या रात्रीत आपोआप बरी झालेली मोटार, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. ज्या माणसाला स्टोव्हला पिन मारता येत नाही असं मी गावभर सांगत होते, त्याला कुठली तार कुठं लावली की बायको घरी राहते हे पक्कं ठाऊक होतं. मला भयंकर राग आला. न्हाणीघराच्या दारात जाऊन ओरडावं, भांडी आपटावी, असं वाटलं. पण ओरडले असते तर भांडण झालं असतं, भांडणात अकरा वाजले असते, आणि सांगली राहिली असती सांगलीला.

मी दोन्ही तारा ओढल्या, अदलाबदल केली, तोंड बंद केलं आणि हात धुऊन चहा ठेवला.

मडमबाई सुरू झाली. एक गचका नाही, बार नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला.

असा प्रवास मी जन्मात केला नाही. मोटार लोण्यासारखी चाललेली आणि तिचा मालक घामाघूम. पुढे वाकून ऐकतायत. कान देऊन ऐकतायत. मी म्हणाले, "किती छान चाललीय नाही? सहाच्या सहा नळकांडी!" "हो," म्हणाले. नागठाणं मागे गेलं. उंब्रज मागे गेलं. मी रस्त्यावरचे गुऱ्हाळाचे धूर दाखवले, गुळाचा वास कसा छान येतोय म्हटलं. ह्यांना कसला गूळ आणि कसलं काय!

कऱ्हाडच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरले.

"काय झालं?" मी विचारलं.

"जरा बघतो."

"चाललेल्या मोटारीत काय बघायचं?"

त्यांनी तोंड उघडलं आणि बराच वेळ आत बघत उभे राहिले. मीही उतरले आणि शेजारी जाऊन उभी राहिले. दोघंही दोऱ्यांकडे बघत होतो.

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही अंगाला साबण लावत होतात तेव्हा."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मला नुसता उशीर करायचा होता गं. लंगडत लंगडत गेलो असतो, मुलाखत संपल्यावर पोचलो असतो, एवढंच. पण पाणी उकळलं ते मी केलं नाही. आईची शपथ! ते कशानं झालं मला अजून कळलेलं नाही."

मला हळदीचा डबा आठवला. आयुष्यात पहिल्यांदाच मला बोलायला तोंड नव्हतं, आणि ते त्यांना फार मोठ्या रागासारखं वाटलं असावं. "बसा," म्हटलं, "उशीर होतोय." बसले. सांगलीपर्यंत मी मैलाचे दगड मोजले.

शाळेच्या फाटकातून आत गेले. हिरव्या मोटारीतून उतरताना कोण बघतंय हे बघायचं राहूनच गेलं. मुलाखत म्हणजे काय, तर लालासाहेबांनी माझ्या पदव्या वाचल्या, एका बाईंनी व्याकरणातलं काही विचारलं, मी सांगितलं, आणि मग लालासाहेब म्हणाले, "पण मिस्टरांची संमती आहे ना? नंतर कटकट नको."

मी म्हटलं, "बाहेरच आहेत. त्यांनाच विचारा."

हे आत आले. मला काय वाटत होतं ते लिहिता येत नाही. एक शब्द पुरे होता. "जरा अडचण आहे" एवढं म्हणाले असते तरी कमिटीनं सुटकेचा निःश्वास टाकून दुसरं नाव काढलं असतं.

हे म्हणाले, "संमती कसली विचारता? मी स्वतः गाडी चालवत घेऊन आलोय."

कमिटी गहिवरली. असे पती लाभले पाहिजेत, सुधारणा म्हणतात ती हीच, असं सगळे म्हणाले, आणि कुणीतरी त्यांना फेब्रुवारीत व्याख्यानाला यायचं आमंत्रणही दिलं. माझी नेमणूक दोन मिनिटांत झाली. त्यांचा सत्कार चहासकट बराच वेळ चालला.

१२ जानेवारी, सांगली

सकाळी वडिलांच्या दुकानासमोर मडमबाई उभी. पेठेतले हमाल तिच्याभोवती गोळा झालेले. मी हातात शिदोरी घेऊन बाहेर आले. रात्रभर मी वाक्यं तयार करत होते. स्त्रीशिक्षणावरची टाळ्यांची वाक्यं त्यांच्याच तोंडावर फेकायची होती. हमालांसमोर नको म्हणून हळू आवाजात फक्त एवढं विचारलं, "का केलंत?"

मला वाटलं, म्हणतील लोक हसतील. म्हणतील बायकोच्या कमाईवर जगतो असं होईल. त्या सगळ्याला माझ्याकडे उत्तरं तयार होती.

ते म्हणाले, "तू इकडे राहिलीस की संध्याकाळी मी कोर्टातून येणार आणि स्वैपाकघराच्या दारात उभा राहणार. आत कुणीच नाही. मग सांगू कुणाला? मला हसणारं साताऱ्यात दुसरं कोण आहे?"

मी शिदोरी त्यांच्या हातात ठेवली. माया आली आणि रागही तसाच राहिला. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

पहिलं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी हे एवढंच म्हटलं असतं, तर मी पत्र चुलीत घातलं असतं आणि जन्मभर तक्रार केली नसती. हे मी त्यांना सांगितलं नाही. कधी सांगणारही नाही. हळदीचंही नाही.

"उद्यापासून शाळा आहे माझी," म्हटलं. "कऱ्हाडला थांबून पाणी बघा. शनिवारी या."

"येऊ?" म्हणाले.

"या. पेट्रोलचं रेशन उरलं असेल तर या, नाहीतर सर्व्हिस मोटार आहेच."

हसले. मग बसले, आणि मडमबाई पेठेतून निघाली. मी दारात उभी राहून ऐकत होते. वळणापर्यंत ती एकदाही अडखळली नाही.